तक्रार पूल ओलांडल्यावर

बिशपथॉर्प रोड, यॉर्क
रविवार, दुपारचं जेवण आटोपल्यावर

ती. म्युरिएलताईस,

डेस्मंडचा साष्टांग नमस्कार. (डाव्या गुडघ्याची अवस्था पाहता आठांपैकी दोन अंगं सध्या रजेवर आहेत, तेव्हा उरलेल्या सहांचा गोड मानून घे.) इकडे मी आणि पॉलीन, दोघंही ठीक आहोत. नदी अजून पात्रात आहे, त्यामुळे तळघर कोरडं आहे. तिकडे स्कारबरोला तुझा खोकला, तुझी समुद्राकडची खिडकी आणि खालच्या मजल्यावरच्या बाईंशी चाललेलं तुझं भांडण, तिन्ही पूर्वीसारखीच असतील अशी आशा करतो.

तुझं कार्ड मिळालं. तुमच्या बोल्स खेळणाऱ्या मंडळातल्या बायका एक दिवस यॉर्कला येणार, आणि कोटाची भिंत पायाखालून घालून झाली की त्यांना ‘हल्ली पेपरात येतं ते नव्या धर्तीचं ब्रिटिश जेवण’ कुठं मिळेल, असं तू विचारलं आहेस. मागं कधी विचारलं असतंस तर मी तुला स्टेशनातला चहा सुचवला असता. पण यंदा मी या विषयातला जाणकार होऊन बसलोय. कारण (हे तुला कळवायचं राहूनच गेलं) आमच्या ब्रायोनीनं वॉल्मगेटमागच्या गल्लीत स्वतःचं रेस्टॉरंट काढलंय. नाव ठेवलंय ‘बायर’. बायर म्हणजे गोठा, हे तुला काय सांगायचं. आपल्या आजोबांनी डेल्सच्या डोंगरदऱ्यांतल्या गोठ्यातून बाहेर पडण्यात उभी हयात घालवली, आणि त्यांच्या पणतीनं तोच गोठा पाटीवर रंगवून दारावर टांगला. स्वयंपाक शिकून आलीय मात्र उत्तम. मेंढीच्या मांसाला तिचा हात लागला की मेंढीचं सोनं होतं, हे बाप म्हणून नाही, खाणारा म्हणून सांगतो. अडचण वेगळीच आहे. लोक येतात, जेवतात, ‘सुंदर’ म्हणतात, हसून निरोप घेतात आणि पुन्हा तोंड दाखवत नाहीत. हा हिवाळा असाच गेला तर गोठ्याला टाळं लागेल. पोरगी रात्रीची झोपत नाही, आणि तिला झोप नाही म्हणून आम्हालाही नाही. शेवटी तिनं आम्हाला कामाला लावलं. म्हणाली, ‘बाबा, तुम्ही आणि आई आधी दुसरीकडे जेवून या, मग माझ्याकडे जेवा, आणि माझं काय चुकतंय ते तोंडावर सांगा.’ मी आयुष्यभर गाडी चालवण्याच्या परीक्षा घेतल्या. आपल्या चर्चच्या व्हिकरना मी दोनदा नापास केलं आणि दोन्ही वेळा त्यांच्या डोळ्यांत बघून सांगितलं. तेव्हा तोंडावर सांगणं मला जमेल, असं तिला वाटलं. मलाही वाटलं.

पहिलं ठिकाण ‘पुलपिट’, नावाप्रमाणंच प्रवचनपीठ, गुडरमगेटच्या बाजूला. म्हणजे आपलं जुनं मेथडिस्ट चॅपेलच. तू फ्रॉकातली असताना भर प्रवचनात उठून पाद्रीबुवांना ‘हे तुम्ही मागच्या रविवारी सांगितलंत’ म्हणाली होतीस, तेच. ज्या जागी दारूचं नाव काढायची चोरी होती तिथं आता बार आहे, आणि आपण चिमटे काढत बसायचो ती बाकडी तश्शीच आहेत. (तेवढीच टणक. गाद्या घालण्याइतकं कुणी नवं झालेलं नाही.) आम्ही बसलो तोच एक मुलगी येऊन टेबलापाशी गुडघ्यावर बसली. मला वाटलं, प्रार्थना. पॉलीननं हातही जोडले. पण ती म्हणाली, ‘याआधी आलायत का आमच्याकडे?’ मी म्हटलं, ‘हो, बाप्तिस्म्याला.’ ‘अरे वा, मस्त,’ म्हणाली, आणि ताटल्या वाटून खायच्या असतात हे समजावून सांगू लागली. या मंडळींच्या मेन्यूत क्रियापद नसतं. ‘बीट, दही, राई.’ ‘कॉड, वाटाणा, बडीशेप.’ त्यांचं आपसात पुढं काय झालं ते ताटली आल्यावर कळतं. पॉलीननं कॉड मासा मागवला होता. आली बैलाची जीभ. आता तुला ठाऊक आहे, पॉलीन बोलणाऱ्या अवयवाला हात लावत नाही. पण ती मुलगी इतकी हसून ताटली ठेवून गेली की तिला परत बोलवायचं म्हणजे तिच्या घरात शिरून भांडण केल्यासारखं झालं असतं. पॉलीननं ती जीभ खाल्ली. पूर्ण. मुलगी येऊन विचारती झाली, ‘सगळं ठीक?’ आणि आम्ही एका सुरात म्हणालो, ‘सुंदर.’ खरी गंमत पुढं आहे. आमचा कॉड शेजारच्या टेबलावर गेला होता. तिथं आमच्याच वयाचं एक जोडपं बसलं होतं. ते सारखे पॉलीनच्या ताटलीकडं बघत होते, पॉलीन त्यांच्या. त्यांनीही तो कॉड मुकाट्यानं संपवला आणि ‘सुंदर’ म्हणाले. जाताना दोन्ही जोडप्यांनी एकमेकांना मान लवून अभिवादन केलं. जागा चांगली आहे. बायकांना खुशाल ने.

दुसरं ‘हेजरो’, मंक बारच्या वेशीजवळ, कोटाच्या अगदी सावलीत. इथं मेन्यू नसतोच, ते देतील ते सात पदार्थ खायचे. पहिला पदार्थ पाव. पावाबरोबर काय? सोमवारी लोणी संपलं की आई भाजलेल्या मांसाखालची चरबी पावाला फासायची ना, ती. तू ती खायला नकार देऊन उपाशी झोपली होतीस. आता तीच खायला टेबल राखून ठेवावं लागतं आणि ती कुठल्या गायीची हे सांगायला एक वेगळा माणूस येतो. पण ताई, धुरावलेला ईल मासा आणि वर आंबट सफरचंदाच्या चकत्या, असं काही मी जन्मात खाल्लं नव्हतं. मी डोळे मिटून खाल्लं, आणि या वयात आपल्याला काही नवीन आवडू शकतं याचा मला फार आनंद झाला. आमचं टेबल दारात होतं एवढंच. दार उघडलं की नदीवरचा सगळा वारा पॉलीनच्या मानेवर. तिसऱ्या पदार्थाला तिनं कोट चढवला, पाचव्याला हातमोजे. ‘गारठा नाही ना वाटत?’ विचारलं त्यांनी. ‘छे छे, सुंदर झुळूक आहे,’ म्हणाली. ओठ निळे पडले होते.

इथं आमच्या घरची एक रीत सांगितली पाहिजे. आम्ही कुठंही जेवलो तरी तक्रार पूल ओलांडल्यावरच सुरू होते. स्केल्डरगेटचा पूल. शहराच्या त्या काठावर असेतो सगळं सुंदर असतं. पुलाच्या मध्यावर आलो की पॉलीनचं तोंड सुटतं, ते घराचं कुलूप उघडेपर्यंत थांबत नाही. मीही कमी नाही. ठरवून केलेलं काही नाही हे. माझ्या मते अर्धं शहर कुठल्या ना कुठल्या पुलावरून असंच घरी जातं, आणि खालून वाहणाऱ्या नदीला कुठल्या रेस्टॉरंटात काय बिघडलंय याची खडान्‌खडा माहिती असणार.

तर अशी तयारी करून आम्ही गोठ्यात जेवायला गेलो. ब्रायोनी स्वतः ताटल्या घेऊन येत होती आणि दर ताटलीला आमच्या तोंडाकडं बघत होती. शेवटी हात पुसत समोर बसली. ‘हं, सांगा.’ मी पॉलीनकडं पाहिलं, पॉलीननं माझ्याकडं पाहिलं. ज्या तोंडानं मी व्हिकरना नापास केलं त्याच तोंडानं मी म्हणालो, ‘सुंदर.’ पॉलीन म्हणाली, ‘फारच सुंदर गं.’ पोरीचा चेहरा असा उतरला म्हणून सांगू! आम्ही कोट घातले आणि निघालो.

पुलाच्या मध्यावर पॉलीन म्हणाली, ‘मेंढी उत्तमच. पण लोण्याला गवताचा धूर, माशाला गवताचा धूर, आणि शेवटी कस्टर्डलासुद्धा? गोठा नाव ठेवलं म्हणून काय तो पेटवून द्यायचा?’ मी म्हणालो, ‘आणि बटाटा कुठाय? मेंढी आहे आणि बटाटा नाही. ग्रेव्ही तर अशी थेंबभर, की वाटलं डोळ्यांत घालायची.’ ‘आणि ते रुबार्बचे आंबट देठ माशाबरोबर कशाला?’ ‘आणि त्या दिव्यांत स्वतःचं ताट दिसत नाही.’ आम्ही चांगलेच रंगात आलो होतो. तेवढ्यात मागं कुणीतरी खाकरलं. वळून बघतो तर एप्रन घातलेली ब्रायोनी, हातात पॉलीनची विसरलेली छत्री. डोळे भरलेले. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं, पण पुलावर धरणीही नसते. पॉलीन म्हणाली, ‘बाळा, रागावलीस?’ तर पोरगी म्हणाली, ‘नाही. दार उघडल्यापासून खरं बोललेली तुम्ही पहिलीच दोन माणसं. आणि तीसुद्धा पाठमोरी.’

दुसऱ्या दिवशी तिनं कस्टर्डमधला धूर काढला. संध्याकाळी वाडगा आणि दोन चमचे घेऊन घरी आली आणि आम्हाला हाताला धरून पुलावर घेऊन गेली, म्हणजे आमची जीभ सैल सुटेल. पर्यटक बघत होते. आम्ही एकेक चमचा तोंडात घातला. ती समोर उभी. पॉलीन म्हणाली, ‘सुंदर.’ मीही म्हणालो, ‘सुंदर.’ (साखर घालायची राहिली होती.) ब्रायोनीनं शांतपणे वाडगा परत घेतला आणि म्हणाली, ‘आपल्या घराण्यात तोंडावर खरं बोलणारं एकच माणूस आहे, आणि त्याला तुम्ही घरी बोलवत नाही.’

असो. तुझ्या बायकांना पुलपिटला दुपारी आणि हेजरोला रात्री ने, दारातलं टेबल मात्र घेऊ नकोस. बाकी सगळं यथास्थित. लोभ आहेच, तो दाखवायचं काम मात्र इतकी वर्षं माझ्याच्यानं झालं नाही.

तुझा धाकटा भाऊ,
डेस्मंड

ता. क. ताई, बायका मागाहून येऊ देत. आधी तू एकटी ये. या गुरुवारीच ये. ब्रायोनीनं स्वयंपाकघराच्या दाराजवळचं टेबल तुझ्यासाठी ठेवलंय. आमच्या लग्नाच्या पंचविशीला तू भर हॉटेलात वेटरला बोलावून ‘ही गाय मेली तेव्हा तिचं वय काय होतं?’ असं विचारलंस, मॅनेजरला बोलावलंस, आणि पॉलीन कोटांच्या खोलीत जाऊन रडली. त्यानंतर आपल्यात कार्डांपलीकडं काही उरलं नाही. ते सगळं विसरून ये असं मी म्हणत नाही. ते सगळं घेऊनच ये. ब्रायोनीला तेच हवंय.

ता. क. २. मागची खोली तुझ्यासाठी आवरून ठेवतो. फक्त एक विनंती. सकाळी नाश्त्याला पॉलीन विचारेल, ‘कसा झालाय?’ तेव्हा तेवढं ‘सुंदर’ म्हण.

ता. क. ३. म्युरिएलताई, मी पॉलीन. यांनी पत्र टपालात टाकायला दिलं ते मी वाचलं. त्या दिवशीचं बीफ चिवटच होतं. माझा पहिला घास सगळी भाषणं संपेपर्यंत तोंडात होता. गुरुवारी नक्की या. माझ्या नाश्त्याबद्दलही खरं तेच सांगा, पण पूल ओलांडल्यावर.