दम राखून

२७ सप्टेंबर, शनिवार. दुपारी २.

आजपासून रोजनिशी. टीममध्ये गेलो आहे. जबाबदारीच्या कामाची नोंद असावी.

टीम अनुष्काची. ऑनलाइन लढाईचा गेम, पाच विरुद्ध पाच. हौशी लोकांची लीग आहे, ऑक्टोबर-नोव्हेंबरमधले सात सामने. शनिवारी आमच्या मिशिगनमधल्या नोव्हायच्या दुपारी बाराला, म्हणजे तिच्या सिॲटलच्या सकाळी नऊला. त्यांचा पाचवा माणूस मनगट दुखतं म्हणून सोडून गेला. अनुष्कानं हे शुभाला सहज सांगितलं, शुभानं मला सहज सांगितलं, आणि मी अनुष्काला मेसेज केला की मी उपलब्ध आहे. दीड दिवसानं उत्तर आलं: ओके बाबा, माणूस मिळेपर्यंत.

घाईत लिहिलं असावं.

शुभाचं म्हणणं, लेकीशी बोलायचं तर फोन कर, त्यासाठी तलवार कशाला हवी. तिला सगळंच सोपं वाटतं. त्या दोघी रोज अर्धा तास बोलतात. मी फोन उचलला तर हाय बाबा, आई आहे का, एवढंच होतं. माझी तक्रार नाही. पण सात शनिवार, दर वेळी एक तास, कानात एकमेकांचा आवाज. गेल्या चार वर्षांत आम्ही मिळून इतकं बोललो नसू. अर्थात टीमला अनुभवी माणूस हवा होता हे मुख्य कारण.

२८ सप्टेंबर, रविवार

माझं पात्र वॉर्डन. हा मारत नाही, वाचवतो. स्क्रीनच्या खाली एक निळी पट्टी असते, तिला ब्रेथ म्हणतात. मी दम म्हणतो. शून्य ते शंभर, आपोआप भरत जातो. एखाद्याची जखम बरी केली की तीस जातात. सगळे शंभर एकदम खर्च केले तर पूर्ण टीमवर घुमट येतो आणि आठ सेकंद कोणाला काही होत नाही. आपण मेलो की दम शून्य.

वाचून हसूच आलं. तेवीस वर्षं मी दुसरं काय केलं? गाड्यांच्या सीट बनवणारा प्लँट, मटेरियल प्लॅनिंग. २०२१ मध्ये पार्ट मिळेनात म्हणून अर्ध्या मिशिगनच्या लाइनी बंद पडल्या, आमची चालू राहिली. कारण एका फुटकळ कनेक्टरचा अकरा आठवड्यांचा स्टॉक मी कोणालाही न विचारता करून ठेवला होता. प्लँट मॅनेजरनं कॅन्टीनमध्ये सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या. तत्त्व एकच: शिल्लक असेल तर लाइन थांबत नाही.

धोरण ठरलं. दम साठच्या खाली जाऊ द्यायचा नाही. एक्सेल शीट तयार.

४ ऑक्टोबर, शनिवार

पहिला सामना. हरलो. अनुष्का चार वेळा मेली. देवांग सहा वेळा. हा बॉस्टनचा, अनुष्काच्या कॉलेजमधला, मला काका म्हणतो, चांगल्या घरचा वाटतो. बाकी दोघांपैकी एक टेक्सासचा, एक कॅनडाची. त्यांच्या मरण्याची नोंद ठेवली नाही.

माझा दम पूर्ण सामनाभर ऐंशीच्या वर. टीममध्ये सर्वोत्तम.

देवांगनं विचारलं की काका, तुमचं इंटरनेट स्लो आहे का. नाही म्हटलं.

सामन्यानंतर ती मंडळी दहा मिनिटं गप्पा मारतात. मी ऐकत होतो. अनुष्का इतकी हसते हे माहीत नव्हतं. मध्ये एकदा इथल्या थंडीबद्दल सांगावंसं वाटलं होतं. पण अजून सहा सामने आहेत. सगळं आजच कशाला.

७ ऑक्टोबर, मंगळवार. संध्याकाळ.

अनुष्कानं सामन्याचा एक तुकडा पाठवला. तिसऱ्या मिनिटाला माझा दम शंभर आहे आणि बाकी चौघं माझ्यासमोर मरताहेत. खाली तिनं फक्त प्रश्नचिन्ह टाकलं होतं.

सविस्तर उत्तर दिलं. तीन परिच्छेद. मुद्दा असा की सामन्याचा पाऊण तास बाकी होता आणि याहून मोठा हल्ला येण्याची शक्यता नाकारता येत नव्हती.

उत्तरादाखल अंगठा आला. शुभा म्हणते अंगठा म्हणजे पुरे आता. माझ्या मते सहमती.

११ ऑक्टोबर, शनिवार

जिंकलो. चौथ्या मिनिटाला माझं इंटरनेट गेलं ते पाऊण तासानं आलं, तोपर्यंत चौघांनी सामना संपवला होता. मी बाहेर पडलो तेव्हा माझा दम शंभर होता. समोरच्यांना तो दिसतो. मानसिक दबाव येतोच.

नंतरच्या गप्पांत टेक्सासच्यानं अनुष्काला विचारलं, डब्लिनची तारीख ठरली का. ती म्हणाली, जानेवारीचा पहिला आठवडा. ऑफिसकडून. दोन वर्षं.

मी म्यूटवर होतो.

शुभाला विचारलं. तिला सप्टेंबरपासून माहीत आहे. म्हणाली, तुलाही सांगितलं होतं, तू एक्सेल करत होतास. शक्य आहे.

अनुष्काशी बोलायला हवं. पण चार लोकांसमोर नको. योग्य वेळ बघून.

१८ ऑक्टोबर, शनिवार

हरलो. आज अनुष्काचा आवाज तीनदा कानात आला.

"बाबा, डोम. बाबा, नाऊ. बाबा?"

बोट बटणावर होतं. दम शंभर. मनात आलं, हा खर्च केला आणि पुढच्याच मिनिटाला खरी वेळ आली तर? तेवढ्यात अनुष्का मेली, मग देवांग, मग ते दोघं. मग मी. शंभरचे शून्य झाले.

मेल्यावर शिल्लक पुढे नेता येत नाही ही गेममधली गंभीर त्रुटी आहे. कंपनीला ईमेल केलं.

आज गप्पांना कोणी थांबलं नाही. योग्य वेळ मिळाली नाही.

२६ ऑक्टोबर, रविवार

काल सामना नव्हता. मंडळाची दिवाळी होती, जेवणाचं प्लॅनिंग माझ्याकडे. दोनशे वीस माणसं. श्रीखंडाचे पाच ट्रे आले होते, त्यातले दोन मी मागच्या खोलीत ठेवले. उशिरा येणाऱ्यांसाठी. इथला मराठी माणूस कार्यक्रमाला पाऊण तास उशिरा येतो, हा वीस वर्षांचा डेटा आहे.

काल सगळे वेळेवर आले.

निम्मी पंगत झाल्यावर श्रीखंड संपलं. अध्यक्ष कांचनताई मला शोधत आल्या आणि विचारू लागल्या की उल्हास, लोकांनी पुऱ्या हॉलच्या पडद्यांना लावून खायच्या का. मी म्हणालो, दुसरी लाट यायची आहे. दुसरी लाट म्हणजे हॉल झाडणारी दोन माणसं होती. त्यांनी प्रत्येकी एक वाटी घेतली.

दोन ट्रे श्रीखंड घरी आलंय. शुभानं फ्रीज उघडून बराच वेळ आत पाहिलं आणि बंद केला. मग म्हणाली, तुला देवानं दोन हात दिले, पण दोन्ही मागे बांधून दिले.

दिवाळीला अनुष्काचा फोन आला होता तेव्हा मी ट्रे उतरवत होतो. नंतर करतो म्हणालो. केला नाही. शनिवारी तिची कामं असतात.

१ नोव्हेंबर, शनिवार

संकल्प: आज घुमट वापरायचा. काहीही झालं तरी.

दुपारी १.१०. वापरला. फक्त 'डिफीट' अशी अक्षरं आल्यानंतर बटण दाबलं गेलं. दोन सेकंद दिसला. निळा असतो. आतून सगळं थोडं पाण्याखाली असल्यासारखं दिसतं. चौघंही त्याच्या आत जमिनीवर पडले होते.

अनुष्का म्हणाली, नाइस, बाबा. प्रगती आहे.

४ नोव्हेंबर, मंगळवार. दुपारी १२.२०.

अनुष्काचा फोन. माझ्या मोबाइलवर. मला वाटलं चुकून लागला. आई ऑफिसात आहे म्हणालो. ती म्हणाली, माहीत आहे, तुझ्याशीच बोलायचंय.

त्यांना माणूस मिळाला. कॅनडावालीचा मामेभाऊ. पुढच्या सामन्यापासून तो खेळेल, मी राखीव. तिला हे सांगायला जड जात होतं, म्हणून मीच म्हणालो की राखीव असणं महत्त्वाचं असतं. मग विचारलं की माझं नेमकं काय चुकलं, म्हणजे शीटमध्ये दुरुस्ती करता येईल.

ती म्हणाली, "बाबा, तू सेव्ह करत राहतोस आणि आम्ही मरतो. दॅट्स ऑल."

भाषा जरा टोकाची आहे, पण गेममध्ये अशीच बोलतात.

मग म्हणाली की शनिवारी अकराला, तिच्या मॅचच्या आधी, ती मला फोन करेल. मला, आईला नाही. गेम नाही, काही नाही, नुसतं बोलू. जायच्या आधी तेवढेच शनिवार आहेत.

ठीक आहे म्हणालो.

एकंदर बढतीच. सामन्याचा ताण नाही आणि वेळ मिळतोय.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

उद्याच्या फोनची तयारी. विषय काढले, एकोणीस निघाले. डब्लिनमध्ये राहणार कुठे. तिथे एकटी की कोणी बरोबर. देवांग नुसता कॉलेजचा का. लहानपणी ती गॅरेजमध्ये माझ्याजवळ येऊन बसायची, तेव्हा मी टूल्स मोजायचो आणि ती मला काहीतरी सांगत असायची. काय सांगायची ते तिला आठवतं का. हा विषय शेवटी ठेवला आहे.

शुभा म्हणाली की यातला एकच विचार. अनुष्काचं महिनाअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीचं ठरायचंय. मित्रमैत्रिणी ऑरेगनला समुद्रावर जाताहेत, ती जाईल किंवा घरी येईल. डिसेंबरभर तिची बांधाबांध, म्हणजे यायचं तर आत्ताच. मी म्हणालो, मग तू सांग तिला ये म्हणून. शुभा म्हणाली, मी दहा वेळा सांगितलं.

"तिला ते तुझ्याकडून ऐकायचंय, उल्हास. एक शब्द आहे. ये."

विसावा विषय म्हणून घातला.

८ नोव्हेंबर, शनिवार. सकाळी ११.३०.

फोन ११.०२ ला आला. चांगला झाला. बर्फ कधी पडेल, विंटर टायर घातले का, तिच्या गाडीचं काय करणार. मग तिनंच थँक्सगिव्हिंग काढलं. ऑरेगनचं बुकिंग मंगळवारपर्यंत करायचंय म्हणाली. नाही तर मी तिकडे येऊ शकते, म्हणाली.

मग थांबली.

"तुला काय वाटतं, बाबा?"

शब्द तोंडात होता. पण पहिल्याच फोनवर गळ घालणं बरं दिसत नाही. आग्रह एकदाच करता येतो, आणि मंगळवारला तीन दिवस होते. मी म्हणालो, तुझ्या सोयीनं बघ.

"ओके, बाबा."

तिच्याकडे कुठेतरी नळ चालू होता. तिनं विचारलं, अजून काही? मी म्हणालो, नाही, बाकी सगळं ठीक.

एकूण सहा मिनिटं. वीसपैकी सतरा विषय शिल्लक. पुढचे दोन-तीन शनिवार सहज निघतील.

शुभा दारात उभी होती. म्हणालास का, विचारलं. मी सोमवारी रात्री फोन करणार आहे, मुदतीच्या तोंडावर सांगितलं की परिणाम जास्त होतो, हे तिला समजावलं. तिनं ऐकून घेतलं आणि कपड्यांच्या घड्या घालायला गेली. एकच टॉवेल तीन-चारदा घडी करत होती.

१० नोव्हेंबर, सोमवार

फोन करायला बसलो तेव्हा साडेआठ झाले होते. तिच्याकडे साडेपाच. ऑफिस सुटायची वेळ, ट्रॅफिकमध्ये असेल. थोड्या वेळानं करतो.

११ नोव्हेंबर, मंगळवार

काल राहिलं. आज सकाळी केला. तिनं बुकिंग रविवारीच करून टाकलं होतं. म्हणाली, मला वाटलं, मी यावं असं तुला काही वाटत नाहीये. मी म्हणालो, उत्तम. ऑरेगनचा किनारा पाहण्यासारखा आहे म्हणतात.

शुभाला सांगितलं. संध्याकाळी तिनं श्रीखंडाचे दोन्ही ट्रे कचऱ्यात टाकले. एकाला अजून काही झालेलं नव्हतं.

१५ नोव्हेंबर, शनिवार

११.२० ला फोन. ती गाडीत होती, सामान द्यायला कुठेतरी निघाली होती. सोफा विकला. दोन मिनिटं. माझ्याकडे विषय तयार होते, पण गाडी चालवताना माणसाला गुंतवू नये. नवीन वॉर्डन कसा खेळतो ते विचारलं. चांगला खेळतो म्हणाली. शेवटी, घाई काही नाहीये.

२२ नोव्हेंबर, शनिवार

११.००. फोन जवळ ठेवला. आवाज पूर्ण.

११.२५. शुभा म्हणाली, तू कर. म्हटलं, मी करायला आणि तिनं करायला एकच गाठ पडली तर तिला लाइन बिझी लागेल.

१२.००. तिची मॅच सुरू झाली असेल.

१.१५. मॅच संपली असेल. शुभानं विचारलं, पानं घेऊ का. म्हटलं, थोडं थांबू.

२.४०. शुभा जेवली.