गाडी घेतली, दावं घेतलं नाही

पांडुरंग रामू चौगले, हे पत्र तुम्हाला लिहीत आहे. मुलाने वडिलांना असे पूर्ण नावाने हाक मारणे रीतीला धरून नाही, याची मला जाणीव आहे. परंतु बाजारात एखाद्याला शब्द देताना तुम्ही छातीवर हात ठेवून आपले संपूर्ण नाव उच्चारीत असा, आणि ते एकदा उच्चारले की मागे फिरत नसा. मलाही मागे फिरता येऊ नये, म्हणून त्या नावाने आरंभ केला. यापुढे आबाच म्हणेन.

आबा, मला तुमचा गोठा हवा आहे. तो कशासाठी, हे क्रमाने सांगण्याचा प्रयत्न करतो. पण हल्ली माझे एका जागी बसणे होत नाही. वरची चार वाक्ये लिहून होईतो मी उठून स्वयंपाकघरात गेलो, गॅस बंद आहे हे पाहिले, आणि परत आलो. गॅस आज पेटवलेलाच नाही. सकाळी काही कारण नसताना स्कूटर काढून राजारामपुरीत गेलो, एका दुकानासमोर उभा राहिलो आणि काय घ्यायचे ते न आठवल्याने तसाच कसबा बावड्याला परतलो. घरात आलो की बाहेर जावेसे वाटते, बाहेर गेलो की घरी कोणी वाट पाहत असेल असे वाटते. असे वर्षभर चालले आहे. तुमची सून जाऊन वर्ष झाले.

तुम्ही गेलात तेव्हा ती या घरात नवी होती. तिच्या हातची कांदा-लसणाची चटणी भाकरीला लावून तुम्ही पहिला घास घेतला, डोळ्यांतले पाणी पुसले आणि म्हणालात, “जाळ काढलास की गं पोरी.” तुमच्या तोंडून घरातल्या कोणाची एवढी प्रशंसा मी दुसऱ्यांदा ऐकली नाही. ती मात्र ते वाक्य आयुष्यभर सांगत राहिली. पुढे त्याच चटणीचा तिने उद्योग केला. शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत, ओतकामाच्या कारखान्यांच्या रांगेत, तिने एक गाळा भाड्याने घेतला, मिरची कांडायचा डंक बसवला आणि हाताखाली बायका घेतल्या. मी महाविद्यालयात शिकवीत होतो. ती सकाळी माझ्या आधी घराबाहेर पडे. संध्याकाळी आली की दारातच मला शिंका सुरू होत, आणि ती म्हणे, “आले बघा मी.”

आता गाळ्याच्या मालकांना ती जागा मुलाच्या कामासाठी हवी आहे. गृहस्थ सज्जन आहेत, मुदतही पुरेशी दिली. तुमच्या नातीने, माझ्या मुलीने, पुण्याहून दूरध्वनीवर सगळे नीट मांडले: “बाबा, डंक विकून टाका. त्या बायकांना काहीतरी द्या आणि माझ्याकडे या. एकटे काय करणार तिथे?” तिच्या म्हणण्यात चूक काढता आली नाही. दुसऱ्या बाजूला, प्रारंभापासून डंकावर उभी राहणारी एक बाई आहे. तुमच्या सुनेला ती अक्का म्हणे, म्हणून मला दाजी म्हणते. ती गाळ्याच्या उंबऱ्यात कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, “दाजी, अक्का गेली ते आमच्या हातात नव्हतं. हे तर तुमच्या हातात हाय की.” मी तिला, विचार करतो, असे सांगितले. शिकलेला माणूस हे वाक्य कशासाठी वापरतो, हे तिला पुरते ठाऊक आहे.

गाळ्यातील सामान हलवायला एका दुपारपुरता टेम्पो मिळाला असता. मी मात्र जुनी पिकअप विकत घेण्याचे ठरवले. हे तर्काला धरून नव्हते, हे मान्य करतो. तुमची सून चटणी इचलकरंजी-सांगलीला पोहोचवण्यासाठी दर वेळी भाड्याची गाडी पाहत असे, आणि उसाचा हंगाम लागला की एकही चालक फोन घेत नसे. “आपली एक पिकअप पाहिजे,” हे तिचे नेहमीचे म्हणणे. सीमेपलीकडे संकेश्वरला ती मिरची खरेदीला जाई; तिथल्या रस्त्यावर वापरलेल्या गाड्या विकणाऱ्याचे एक आवार आहे, त्यासमोर टेम्पो थांबवून ती खाली उतरे आणि कुंपणाबाहेरूनच गाड्या पाहून येई. मला त्याच आवारात जायचे होते. मुलीला सांगितले तेव्हा ती म्हणाली, “बाबा, कर्नाटकातली गाडी? तिकडचा ना हरकत दाखला, इकडे परत नोंदणी, परत कर. तुम्हाला पिकअप चालवता तरी येते का?” मोटार येते तर तीही येईल, असे मी उत्तर दिले. डंकावरच्या बाईला बरोबर घेतले. इस्त्रीचा सदरा घातला.

आवाराचा मालक जिभेने अर्धा मराठी, अर्धा कन्नड. “या की री सर, बसा. वहिनी, तुम्ही बी बसा.” “वहिनी न्हवं,” ती म्हणाली, “मेव्हणी हाय मी.” मी गाड्यांच्या रांगेतून फिरू लागलो. चेहरा कोरा ठेवला होता, कारण आबा, त्या क्षणी मी मनाने वडगावच्या जनावरांच्या बाजारात होतो. मी अकरावीत आहे. तुम्ही तांबड्या बैलाभोवती असे फिरत आहात की जणू दुसऱ्याच कोणाला भेटायला आला आहात आणि हा बैल वाटेत आडवा आला आहे. आणि मी मोठ्याने म्हणतो, “आबा, हाच घेऊया, किती देखणा आहे!” तुम्ही माझ्याकडे न पाहता म्हणता, “गप. बैल बघतोय व्हय तुझ्याकडं? मालक बघतोय.” त्या दिवशी तो बैल आपल्याला मिळाला नाही.  परतताना गावाजवळ आल्यावर तुम्ही मला उसाचे कांडे सोलून दिलेत.

म्हणून मी चेहरा कोरा ठेवला होता, आणि तेवढ्यात मागून आवाज आला, “दाजी! हीच! ही पांढरी! अक्काला अशीच पायजे हुती!” आवाराच्या मालकाने लगेच चहा सांगितला. ती माझ्याकडे वळून म्हणाली, “आणि जरा हसा की. मयताला आल्यागत उभं ऱ्हायलाय.” मग तिच्याच लक्षात आले. तिने पदराचा बोळा तोंडावर धरला. “माझं तोंड लई वाईट, दाजी.” मी म्हणालो, “असू द्या,” आणि काहीतरी करायचे म्हणून पांढऱ्या गाडीचे दार उघडून आत बसलो. आबा, त्या गाडीत मिरचीचा खकाणा होता. बैठकीच्या शिवणीत, पायाखालच्या रबरात, सगळीकडे. मला शिंक आली, दुसरी आली, थांबेनात. ती शेजारच्या दारातून डोकावली आणि तीही शिंकू लागली. मालक दारात कप धरून उभा. “मिरचीवाल्याची गाडी री, सर. धुवून देतो.” “धुवू नका,” मी म्हणालो. माझा कोरा चेहरा तिथेच संपला.

तरीही तुमची एक पद्धत मी सोडली नाही. ज्या घरात जनावर उभे होते ते घर पाहिल्याशिवाय, निदान त्या घरातली माणसे पाहिल्याशिवाय, तुम्ही व्यवहार करीत नसा. मी तशी मागणी केली. मालक हसला. “गाडी हाय ही सर, म्हस न्हवं.” पण त्याने फोन केला, आणि जवळच्याच गावातून आधीचे मालक आले. म्हातारे मिरचीचे शेतकरी, सोबत त्यांची पत्नी. मुलाने मोठी गाडी घेतली होती. म्हाताऱ्यांनी न विचारता सांगितले की थंडीत दुसरा गिअर अडतो, दांडा थोडा वेळ दाबून धरायचा, ओरडायचे नाही. “ओरडल्यावर काय हुतंय?” आमच्या बाईने विचारले. “काय न्हाई,” म्हातारी म्हणाली, “पर ह्यांनी लई ओरडून बघितलंय.”

व्यवहार ठरला, कागद झाले. मी गाडीभोवती शेवटची फेरी मारीत होतो. जॅक आहे, जादा चाक आहे. तोच म्हातारीने दार उघडले आणि आरशाला बांधलेली सुताची काळी दोरी सोडू लागली. दोरीत एक पितळी घुंगरू होते. मी अत्यंत सभ्यपणे म्हणालो, “ते राहू द्या. गाडीवर जे आहे ते गाडीसोबत, असे ठरले आहे.”

 म्हातारी माझ्याकडे पाहत राहिली. रागाने नव्हे, बाहेरगावच्या माणसाकडे पाहावे तसे. आमची बाई माझ्या जवळ येऊन हळू बोलली. ती हळू बोलू शकते हे मला तेव्हा प्रथम कळले. “दाजी, दावं हाय ते.”

गोठ्यात वाढलेल्या माणसाला हे सांगावे लागले. जनावर द्यायचे, दावे द्यायचे नाही. घेणाऱ्याने आपले दावे आणायचे. तुम्ही खिलारी जोडी विकलीत तो दिवस माझ्या मनात पुसट झालेला नाही. घेणाऱ्याने नवे दोर आणले आहेत. तुम्ही एकाच्या गळ्यातले दावे सोडता, मग दुसऱ्याच्या. मध्ये एक क्षण असा येतो की दोन्ही बैल मोकळे उभे असतात आणि कोठे जात नाहीत. मग नवे दोर पडतात. जुनी दावी तुम्ही गोठ्यातल्या खुंटीला अडकवता, आणि आईने पुढे कधीतरी त्यांतले एक कपडे वाळत घालायला बांधले तेव्हा तुम्ही सगळे ओले कपडे उचलून बाजेवर ठेवता आणि दावे परत जागेवर नेता. रागावत नाही. मला वाटत असे की बैल परत येतील म्हणून तुम्ही ते ठेवता. आता वाटते की ते येणार नाहीत हे तुम्हाला माहीत होते, म्हणूनच काहीतरी ठेवणे भाग होते.

मी म्हातारीची क्षमा मागितली. तिने दोरी ओच्यात बांधली, गाडीच्या टपावर दोनदा थाप मारली आणि कन्नडमध्ये काही बोलली. आवाराच्या मालकाने अर्थ सांगितला नाही, आणि आम्हीही विचारला नाही.

परतताना गाडी मीच चालवली. दुसरा गिअर अडला. मी ओरडलो नाही. सीमेवरचा नाका ओलांडल्यावर ती बाई म्हणाली, “आता खरं सांगा. गाडी कशाला घेतलीसा? सामान विकायला का चटणी विकायला?”  मग माझ्या तोंडून गेले, “आमच्या घरामागे गोठा रिकामा आहे. शेवटची म्हैस विकल्यापासून तिथे काही नाही. वीज नेता येईल. बोळातून ही गाडी वळेल.”

“गोठा कुणाचा?”

“आबांचा.”

“मग आबास्नी इच्यारा की.”

“आबा नाहीत आता.”

“मला म्हाईत हाय, दाजी. तरी इच्यारा. जागा बायकांच्या हाती द्यायची म्हंजे इच्यारून द्यावी.”

म्हणून विचारतो आहे. आबा, तुमचा गोठा त्या बायकांच्या कामासाठी देऊ का? तिथे मिरची कांडली जाईल, भिंती लाल होतील, शेजारी शिंकतील, आणि मुलीला मी अजून पुण्याला येत नाही असे कळवावे लागेल. ते काल फोनवर कळवलेही. ती रडली आणि म्हणाली, “मग दर महिन्याला मी येते. बघते कोण कोण शिंकतंय.” हा होकार आहे असे मी धरले आहे. तुमचाही तसाच धरला. खरे सांगायचे तर डंक कालच गोठ्यात उतरला. विचारणे मागाहून होत आहे. दावी होती त्याच खुंटीला आहेत. बायकांना मी त्यांना हात लावू दिला नाही, आणि त्यांनीही तसा प्रयत्न केला नाही.

हे पत्र कोठे पाठवायचे नाही. आता उठतो, पण एक गोष्ट राहिली, ती लिहूनच उठतो. आज गाळा रिकामा करून मालकांच्या घरी गेलो. किल्ल्या तुमच्या सुनेने आपल्या जुन्या इरकली साडीच्या काठाच्या पट्टीत ओवल्या होत्या. वर्षानुवर्षे कमरेला खोचून ती पट्टी मऊ आणि लालसर झाली होती. मी पट्टीची गाठ सोडू लागलो. मालक म्हणाले, “असू दे की सर, तशाच द्या. किल्ल्या हरवायच्या न्हाईत.” मी म्हणालो, “नाही. हे देत नाहीत.” तेही शेतकऱ्याच्याच घरचे. त्यांनी सुट्या किल्ल्यांसाठी दोन्ही हातांची ओंजळ केली.

गोठ्यात परतल्यावर डंकावरच्या बाईने विचारले, “पट्टी अडकवली का खुंटीला?” मी हो म्हणालो. ते खरे नाही, आबा. ती माझ्या सदऱ्याच्या खिशात आहे, आणि लिहिता लिहिता मी तिला हात लावून पाहत आहे. खुंटी तुमची आहे. दावी आपापल्या जागी आहेत. माझ्याच्याने आज ते झाले नाही.

बाकीचे सर्व रीतसर झाले. गाळ्याचे दार लावले, कुलूप ओढून पाहिले, किल्ल्या मालकांना परत केल्या.