पंतोजीची हजेरी

परतवाडा छावणी,
कार्तिक वद्य पंचमी, शके १७८६

चिरंजीव खुशाल यास सूर्यभानचे आशीर्वाद. वि. वि. मी मजेत हाय. या पत्रासंगं नत्थुजी गाडीवान तुले एक टोपली देईन. हात घालायच्या आधी पत्र वाच, नाई तं चावा बसल्यावर मले शिव्या देशीन. टोपलीत आमच्या बराकीतलं मुंगूस हाय. नाव पंतोजी.

काहून पाठवलं ते आयक. पलटणीले हुकूम आला, पौर्णिमेनंतर कूच, अकोल्यावरून हिंगोलीले. जनावर संगं न्यायचं नाई. मागं राहिलेली जनावरं नवी पलटण यायच्या आत मारून टाकतात. पंतोजी तं मामाच्या वखारीतले उंदीर खाऊन सुखी राहीन. पण आमच्यातल्या इमामची कुत्री हाय, तुतारी, बिगुल वाजला का गळा काढते. अन् रामदीनचा एडका हाय, सुभेदार, त्याले कोणाची पाठ दिसली का राहवत नाई. या दोघांलेही घर पाह्य. पोरं आमची अठरा-वीस वर्साची. मेळघाटात रातभर पहारा देतात, हू का चू करत नाईत, पण या जनावराहिची गोष्ट निघाली का ताटावरून उठतात.

एक वचन दे. पंतोजीले बांधू नको. तू शाळेतल्या पंतोजीसमोर हजर म्हणायले लाजला अन् शाळाच सोडून पळाला. हा तं वीतभर हाय, याले भिऊ नको. किसनमामाले, मामीले नमस्कार. आपली माया हाय तशीच जागती ठेव.

तुझा, सूर्यभान

•

अमरावती,
कार्तिक वद्य द्वादशी

तीर्थरूप सूर्यभानदादाच्या पायाशी खुशालचा साष्टांग नमस्कार. वि. वि. टोपली पोचली. चावा बसला नाई. वचन दिलं.

आता मले सांगा, हा असा काहून करते? अंडं दिलं का पाठ फिरवते अन् मागच्या पायातून भिंतीवर फेकून फोडते. हे त्याले कोणी शिकवलं? शेपूट फुगवते ते रागानं का खुशीनं? अन् सगळ्यात नवलाची गोष्ट. उजाडायच्या आधी माझ्या खाटेवर चढते, तोंडाशी नाक आणून हुंगते, अन् उतरून मामाच्या खाटेवर जाते. मंग मामीच्या. मामी वरडते. सारं घर हुंगून झाल्याबिगर उंदराकडे पाहत नाई. त्याले काय पाहिजे असते?

कुत्रीचं विचारायले दोन घरी गेलो, दारातूनच परत आलो. लोकाहिले कापसापुढं मान वर करायले फुरसत नाई, अन् मले बोलणं फुटलं नाई.

वखारीपुढं मातर सकाळी गर्दी असते. मुंगसाचं तोंड दिसणं शकुनाचं, म्हणून गाडीवान बाजारात जायच्या आधी येतात अन् तोंड दाखव म्हणून त्याले रामाची आण घालतात. तो त्याहिले शेपूट दाखवते. महादेवराव आडतेही रोज येतात. मामाचा सारा कापूस त्याहिच्याच हातून विकते. काल त्याहिनं मामाले म्हटलं, मुंगूस मले द्या, पितळी पिंजऱ्यात ठेवतो, म्हणजे रोज तोंड दिसन. मामा हो म्हणाले. मी खांबाआड उभा होतो. मी काय करू ते लवकर लिहा.

लेकराची आठवण असू द्यावी.
खुशाल

•

परतवाडा छावणी,
मार्गशीर्ष शुद्ध तृतीया

चि. खुशाल यास आशीर्वाद. वि. वि. अंड्याचं त्याच्या मायनं शिकवलं असन, आमी नाई. शेपटीचं आमालेही कळलं नाई.

हुंगण्याचं सांगतो. तो हजेरी घेते, म्हणून तं पंतोजी. आमच्या बराकीतल्या बापूनं त्याले सेमाडोहावरून आणलं, डोळेही धड उघडले नव्हते तवा. बापू त्याले सदऱ्यात घेऊन निजे. रोज पहाटे पंतोजी एक एक खाट हुंगत जाये. पहाऱ्यावर गेलेल्याची खाट रिकामी दिसली का तिथंच बसे, गडी परत येईस्तोवर. यंदा पावसात बापूले जंगलचा ताप भरला अन् तो गेला. पंतोजी त्याच्या खाटेवर बसला तो हलेना. मंग मी माझी खाट तिथं नेली. लोक त्याचं तोंड पाहतात म्हणे. बराकीत तो आमची तोंडं पाहे.

पिंजऱ्याचं मी काय सांगू? मी इथं, तू तिथं. मामाचा कापूस अडला तं घराले तोशीस, हे मलेही कळते. तुले जे सुचन ते कर, मी रागावणार नाई. पण एवढं ध्यानात ठेव, बापूनं त्याले एक दिवसही बांधलं नाई.

थंडी हाय, कानाले बांधत जा. लोभ पातळ होऊ देऊ नको.
सूर्यभान

•

अमरावती,
मार्गशीर्ष शुद्ध एकादशी

तीर्थरूप दादास साष्टांग नमस्कार. वि. वि. हे पत्र नत्थुजी गाडी पळवत आणीन. काहून ते वाचा.

आज सकाळी महादेवराव पिंजरा घेऊन आले. मामानं मले हाक मारली, का पंतोजी तुझ्याच हाती येते, धरून आत टाक. सारे गाडीवान पाहून राहिले. मी पंतोजीले उचललं अन् खांद्यावर ठेवलं. म्हटलं, हे पलटणीतल्या पोराहिचं हाय, याले बांधणार नाई. महादेवरावले आयकू गेलं नाई, ते म्हणाले मोठ्यानं बोल. मंग मी जरा जास्तच मोठ्यानं बोललो. बांधलेल्या मुंगसाचं तोंड दिसलं तं त्यात शकुन कायचा, मंग रामाची आण तरी कायले घालता, असं म्हटलं. नत्थुजी म्हणाला पोट्टं खरं बोलते. महादेवराव म्हणाले, तं मंग किसनरावाचा कापूस दुसऱ्यानं विकावा.

मामा खालीच बसले. मले वाटलं मी घर बुडवलं. पण बोलणं सुरू झालं होतं तं थांबेना. बापूचं सांगतलं. पोरं कशी ताटावरून उठतात ते सांगतलं. म्हटलं, इथं उभं राहून शकुन पाहता, तं त्याहिचं एक जनावर घरी न्या. नत्थुजीनं लगेच तुतारी मागितली, रातच्या वाटेवर गाडीसंगं कुत्रं पाहिजेच होतं म्हणे. एडक्याचं नाव काढलं तं सारे आपापल्या बैलाकडे पाहू लागले.

महादेवराव पिंजरा उचलून निघाले. तवा पंतोजी माझ्या खांद्यावरून उतरला, त्याहिच्या उपरण्याले धरून वर चढला, अन् तोंडाशी नाक नेऊन हुंगलं. सावकाश, आमाले हुंगते तसं. इतके दिवस त्याहिनं शेपूटच पाह्यलं होतं. एवढा मोठा माणूस, पापणी हालवली नाई. तो उतरल्यावर हळूच मले विचारलं, एडका केवढाक हाय.

केवढा हाय ते सांगतलं. पाठीचं नाई सांगतलं.

कापूस त्याहिच्याच गाडीत गेला. मामा माझ्याशी बोलत नाईत, पण पंतोजीच्या वाटीत दूध त्याहिनंच ओतलं. कुत्री अन् एडका नत्थुजीजवळ द्या.

आशीर्वाद मागणारा,
खुशाल

•

अकोला, मोर्णेकाठचा मुक्काम,
मार्गशीर्ष वद्य षष्ठी

चि. खुशाल यास साऱ्या बराकीचे आशीर्वाद. वि. वि. तुतारी अन् सुभेदार कुचाच्या आधी गेले. इमाम गाडीमागं नाक्यापर्यंत चालला. रामदीननं एडक्याच्या शिंगाले तेल लावलं. तुझं पत्र मी वाचून दाखवलं, पोराहिनं दोनदा वाचाले लावलं. तुले पाहाले पाहिजे म्हणतात.

एक गोष्ट लिहितो, हसू नको. आता पहाटे हुंगायले कोणी येत नाई. रामदीन म्हणे, तिकडं आपली गैरहजेरी लागून राहिली असन.

पुढचं पत्र हिंगोलीच्या पत्त्यावर धाड. आमाले मनात जागा असू दे.
सूर्यभान

•

अमरावती,
पौष शुद्ध प्रतिपदा

तीर्थरूप दादास, इमामभाई, रामदीनभाईले खुशालचा नमस्कार. वि. वि. सुभेदारानं महादेवरावाच्या दिवाणजीले दोनदा पाडलं. महादेवराव आता दिवाणजीले मुद्दाम वाकायची कामं सांगतात. तुतारी गाडीखाली निजते. मामा बोलू लागले.

रामदीनभाईले सांगा, गैरहजेरी लागली नाई. टोपलीत तुमचं जुनं कांबळं होतं ते मी खाटेवर अंथरलं. पंतोजी आमाले हुंगून झाला का तिथं जाऊन बसते. मंग मी नावं घेतो. सूर्यभान, इमाम, रामदीन. दर नावाले मीच हजर म्हणतो, तवा कुठं तो उठते. पहिल्या दिवशी माझा आवाज मलेच आयकू आला नाई. आता वखारीबाहेर जाते, अन् गाडीवानही संगं म्हणतात.

एक विचाराचं हाय. बापूचं नाव घेऊ का नको? काल एकदा घेतलं. त्या नावाले हजर मले म्हणवलं नाई. पंतोजी उठला होता, तो परत कांबळ्यावर बसला. मंग मीही बसलो. बाजाराची वेळ झाली होती, पण कोणी गाडी हाकली नाई.

काय करू ते लिहा. लिहीत राहा.
तुमचा, हजर,
खुशाल