आईच्या डाळिंबाला नवं भांडं

३ फेब्रुवारी
सिंकमध्ये दोन कप. घरात बाबा एकटे आणि कप दोन!
विचारलं तर म्हणाले, "बोन्साय मंडळाच्या बाई आल्या होत्या. डाळिंब बघायला." आई गेल्यापासून तिच्या त्या बोन्सायकडे कुणी फिरकलं नव्हतं. आत्ताच कसं आठवलं?

५ फेब्रुवारी
आज मी घरात असतानाच आल्या. उंच, आखूड पांढरे केस. पर्समधून रुमाल काढावा तशी कात्री काढली! जनावरांच्या डॉक्टर होत्या म्हणे, आता निवृत्त. मी मनातल्या मनात नाव ठेवून टाकलं – कात्रीबाई.
आईने डाळिंब लावलंय ते ओव्हनच्या जुन्या निळ्या भांड्यात. तळाला भोकंही तिनेच पाडली, बाबांचं ड्रिल मोडून. कात्रीबाईंनी झाडाभोवती फेऱ्या मारल्या. "झाड फार सुंदर आहे. मेमधल्या प्रदर्शनात मांडायलाच हवं. भांडं तेवढं बदलू या."
"ते आईचं आहे," मी.
"कळलं. पण नजर आधी भांड्यावर जाते. झाडावर जायला हवी."
बाबा मान डोलवत होते! नोकरीभर पाण्याच्या पाइपांखेरीज कशाकडे बघितलं नाही तो माणूस.
म्हणजे सुरुवात भांड्यापासून. मग पडदे. मग आईचं कपाट.

११ फेब्रुवारी
बाबांच्या मिशा काळ्या झाल्या आहेत.

१५ फेब्रुवारी
दादाला फोन केला. "अगं, भांडंच बदलतायत ना? बाप तर नाही बदलत!" म्हणाला आणि स्वतःच हसला. लांब राहणाऱ्यांना सगळंच सोपं.
जेवताना बाबा म्हणाले, "खोडाच्या जाडीइतकीच भांड्याची खोली हवी. फुलाफळांच्या झाडाला चकचकीत रंग चालतो. देवदारबिवदार असता तर साधं, मातीच्या रंगाचं." हे बोलणं बाबांचं नाही. पुढे – "ती म्हणत होती की..."
ती! परवापर्यंत 'त्या' होत्या.
कुठेतरी पाणी मुरतंय.

२० फेब्रुवारी
चष्म्याच्या दुकानातून लवकर सुटले. घरी येऊन बघते तर कात्रीबाई टेप घेऊन हॉलची खिडकी मोजतायत. "नवं भांडं इथे मावेल ना, ते बघते." उत्तर अगदी तयार होतं. चहाची गाळणी कुठे असते तेही त्यांना माहीत आहे. मलासुद्धा शोधावी लागते.

२२ फेब्रुवारी
भांड्यांच्या दुकानात तिघं. मी मुद्दाम गेले – दोघांना एकत्र बघायचं होतं. बाबांनी नवा शर्ट घातला होता. भांडी घ्यायला!
बाबांनी चौकोनी, जाड काठाचं तपकिरी भांडं उचललं. कात्रीबाई माझ्याकडे वळल्या. "तुला काय वाटतं?"
आता मी दिवसभर लोकांच्या नाकावर चष्मे बसवते. नाजूक चेहऱ्यावर जाड फ्रेम ठेवली की माणूस गायब, चष्मा उरतो. माझी बोटं आपोआप एका लंबगोल, उथळ, सायीच्या रंगाच्या भांड्यावर गेली. लाल फुलं त्यावर किती उठून दिसतील! खोड डावीकडे झुकलंय, म्हणून झाड मधोमध नको, जरा उजवीकडे. हे सगळं मी मोठ्याने बोलत होते. मग भानावर आले.
"हेच," कात्रीबाई म्हणाल्या. "मलाही हेच वाटत होतं."
लोणी लावतायत. लेक खिशात आली की घर आलंच.
भांडं मात्र खरंच छान आहे. रागच आला त्याचा.

६ मार्च
आज भांडण झालं.
दार उघडलं तर जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र आणि त्यावर आईचं डाळिंब – आडवं, मुळं उघडी. निळं भांडं बेसिनमध्ये पालथं. मी ओरडलेच. "मला न विचारता? हे घर कुणाचं आहे?" बाबांचा चेहरा पडला.
कात्रीबाईंचा आवाज चढला नाही. "मुळं सुकतील. आधी हात धू आणि हे धर. मग हवं तेवढं बोल मला."
धरलं. एका बाजूची मुळं काळी, मऊ पडलेली, कुजका वास. आईने पाडलेली भोकं बुजली होती, पाणी तळाशी साचत होतं. कात्रीबाईंनी कुजलेलं तेवढंच कापलं, नव्या भांड्याच्या भोकांवर जाळी ठेवली, मुळं तारेने बांधली. तोवर मी खोड धरून उभी.
निळं भांडं घासून माझ्या खोलीत आणून ठेवलंय. तिथे टेप घेऊन कुणी येऊ नये.

१९ मार्च
पालवी फुटली. कुणाला सांगितलं नाही.

२ एप्रिल
कात्रीबाई हल्ली येत नाहीत. बाबांच्या मिशा मुळाशी पांढऱ्या. हा काय नवा डाव?

९ मे
प्रदर्शन. आमच्या डाळिंबाला सहा फुलं. लोक थांबत होते, वाकून बघत होते. भांड्याबद्दल एकही माणूस बोलला नाही. सगळे झाडाबद्दलच.
कात्रीबाई लांब, कुणाच्या तरी चिंचेपाशी उभ्या. बाबा त्यांच्याकडे बघत होते, त्या मात्र चिंचेकडे. शेवटी मीच गेले.
"स्पष्टच विचारते. तुमचा विचार काय आहे?"
"कशाबद्दल?"
"बाबांबद्दल."
"ते बाबांना विचार," म्हणाल्या आणि चिंचेकडे वळल्या.
बघा! टाळलं की नाही?

१० मे
विचारलं. बाबा बुटाची नाडी बांधत होते. वर न बघता म्हणाले, "मीच विचारलं होतं तिला. मार्चमध्ये. नाही म्हणाली."
"का?"
"एकटी बरी आहे म्हणाली. झाड आवडलं होतं, म्हणून येत होती." आणि फिरायला निघून गेले.
तेव्हापासून नुसती धुमसतेय. नाही म्हणाली! माझ्या बाबांना! काय कमी आहे त्यांच्यात?