पोहोचल्याचा पुरावा

प्रिय कस्तुरा,

टेम्पो हलल्यावरच हे उघड, आधी नको. आमच्या टेम्पोवाल्या भैरूने दारात दाखवली ती चिठ्ठी माझीच होती, खात्री बाळग. आपलं ठरलंच होतं ना, माझ्या हातची चिठ्ठी दिसल्याशिवाय दार उघडायचं नाही, दारात कुणी का असेना. त्या चिठ्ठीत मी फक्त ‘लेकीला घेऊन नीघ’ एवढंच लिहिलं. बाकीचं इथे लिहितेय. भैरूची गाडी तळवड्याच्या चौकात अडकलीय, शिफ्ट सुटलीय, कंपन्यांच्या बसेसनी रस्ता भरलाय. तो हे न्यायला येईपर्यंत दुकानाचं शटर अर्धं ओढून बसलेय. अक्षर गिचमीड आलंय, घाईत लिहितेय. दिघीच्या शाळेत तुझ्या वाटणीचीसुद्धा भांडणं मी करायचे, आणि आज शटरपाशी कुणाची गाडी थांबली तरी मी उठून खिडकीआडून बघतेय. हसू येईल तर हस बाई, मला बरं वाटेल.

तू राहत होतीस त्या गावाचं नाव मी इथे लिहीत नाही. पत्ता कागदावर लिहायचीच मला धास्ती बसलीय. का, ते सांगते, पण मला सुरुवातीपासून सांगू दे, नाहीतर माझंच डोकं ठिकाणावर राहायचं नाही.

तू मशीन घेतलंस तेव्हा मी किती विनवलं, की बाई, फुकट नको तर उधार ने. बंद पडलेल्या कारखान्यांतली शिलाई मशिनं आणून माझा शेखर दुरुस्त करतो, त्यातलं एक मैत्रिणीला दिल्याने आम्ही काही भिकेला लागणार नव्हतो. पण तू किसनकाकांची लेक. काका कंपनीतून येताना स्क्रूसुद्धा खिशात आणायचे नाहीत, आणि बुद्धपौर्णिमेची खीर मात्र गल्लीभर वाटायचे. तू रीतसर आमच्या वेबसाइटवर ऑर्डर टाकलीस आणि कार्डाने पैसे भरलेस. कार्डावर नाव तुझं, पण खातं तुझ्या नवऱ्याचं. मी काही विचारलं नाही. इतकी वर्षं हिंजवडीच्या ऑफिसातला तुझा पगार त्याच खात्यात जात होता, मग त्यातून एक मशीन घेतलंस तर कुणाचं काय गेलं, असंच मला वाटलं. अजूनही तेच वाटतं. हक्काचे होते ते तुझे.

मशीन पोहोचवायला भैरूबरोबर मी स्वतः आले होते. आमच्या दुकानाची रीत तुला तेव्हाच कळली. मशीन घरी लागलं की पहिली शिवण गिऱ्हाइकाने स्वतः घालायची, लाल कापडाच्या पट्टीवर. ती पट्टी मशीनच्या मानेला बांधायची आणि मशीन दारात, उजेडाला घेऊन गिऱ्हाइकासकट फोटो काढायचा. एका बाईने एकदा बंद मशीन दिलंत म्हणून आम्हाला गावभर बदनाम केलं होतं, तेव्हापासून शेखरने हे सुरू केलं. तुला फोटो नको होता. मी म्हटलं, अगं, पेजवर टाकणार नाही, दुकानाच्या कागदांत राहील. मग तू उभी राहिलीस. तुझी मैत्री मध्येच घुसली आणि मशीनच्या चाकावर हात ठेवून ऐटीत बघत राहिली. तुझी ती दोन वाकडी बोटं त्या लाल पट्टीवर होती. दार ‘चुकून’ लागलं असं तो डॉक्टरांना म्हणाला होता ती बोटं. तू मला म्हणालीस, जया, सुईत दोरा अजून एका फटक्यात जातो बघ. मी तोंड फिरवून भैरूला उगाच काहीतरी ओरडले.

आणि मग बँकेचा मेल आला. कार्ड ज्याच्या खात्यावरचं आहे त्याने तक्रार केली होती की पैसे गेले पण वस्तू मिळालीच नाही, पैसे परत करा. याला चार्जबॅक म्हणतात. बँक आधी दुकानदाराचे पैसे अडकवून ठेवते. मग दुकानदाराने मुदतीत पत्र लिहून, वस्तू दिल्याचा पुरावा जोडून दाखवायचं, की मी खरा आहे. नाही दाखवलं तर दुकानदार खोटा. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मला वाटलं, बायको गेली, लेक गेली, तरी याचा जीव अजून पैशात अडकलाय. तुला कळवायचं तर तुझ्याकडे फोन नाही. तू रविवारी शेजारणीच्या फोनवरून करतेस तेवढाच. म्हटलं, तुझ्या जिवाला कशाला घोर, मीच निस्तरते.

असं पत्र लिहिलं म्हणून सांगू! शेखर म्हणाला, जया, तू वकील व्हायला हवी होतीस. ऑर्डर कधी आली, मशीन कुठलं, नंबर काय, गाडी कुठली, कुणी उतरवलं, कुणी लावून दिलं, सगळं ओळीने. बिल जोडलं, त्यावर तुझा पत्ता. गाडीची पावती जोडली, त्यावर तुझी सही. आणि शेवटी तो फोटो. एवढं झाल्यावर कोण म्हणेल वस्तू मिळाली नाही? पत्र वेबसाइटवर उत्तर द्यायच्या खिडकीत भरून ठेवलं आणि सकाळी एकदा वाचून पाठवू म्हणून लॅपटॉप मिटला.

सकाळी त्याचाच फोन आला. इतका गोड आवाज, की मला आधी कुणी विमेवाला वाटला. म्हणाला, जयमालाताई, राग मानू नका, तुमच्या धंद्याचं नुकसान व्हावं असं मला अजिबात वाटत नाही. तुम्ही बँकेला उत्तर द्या. पत्ता मात्र पूर्ण लिहा, बँकवाले अर्धवट पत्ता धरत नाहीत. आणि तुम्ही दारातला फोटो काढता ना, पेजवर बघितले मी सगळ्यांचे, तोही जोडा, म्हणजे विषय संपेल. मी काही बोलायच्या आत त्याने आभार मानून फोन ठेवला.

कस्तुरा, माणूस भांडण काढतो ते जिंकायला. हा मला जिंकायचं कसं ते शिकवत होता. मग हळूहळू माझ्या डोक्यात उतरलं. त्याला पैसे नकोच होते. त्याला माझं उत्तर हवं होतं. कार्डाच्या हिशोबात त्याला दुकानाचं नाव दिसलं, पण घर दिसलं नाही. ते दाखवायला त्याने मला कामाला लावलं होतं.

तरी खात्री करावी म्हणून ज्यांच्यामार्फत आमचे कार्डाचे पैसे येतात त्या कंपनीला फोन लावला. प्रज्वल म्हणून कुणीतरी होता, सज्जन वाटला. त्याला विचारलं, मी पाठवते ते कोण बघतं? म्हणाला, मॅडम, आमच्याकडून बँकेला जातं, आणि बँक ते कार्डवाल्याला दाखवते, त्याला मान्य आहे का विचारायला. मी म्हटलं, पत्तासुद्धा? तो म्हणाला, मॅडम, पत्ता तर मेन असतो.

तुला आठवतं, सांगवीच्या घरी असताना तो तुझ्या स्कूटीचे किलोमीटर बघायचा? ऑफिसचं अंतर त्याला पाठ होतं, त्यापेक्षा जास्त दिसलं की रात्री शांतपणे विचारायचा. तू मला हे सांगितलंस तेव्हा मी म्हटलं होतं, अगं, संशयी असतात काही पुरुष. तो ओरडत नाही, शिव्या देत नाही, म्हणून कुणाला पटत नाही. चौकीत तू तक्रार द्यायला गेलीस तर त्यांनी त्याला खुर्ची दिली आणि तुला समजूत. त्या फोननंतर मला पहिल्यांदा कळलं, तुला रोज कशाची भीती वाटत होती ती. तिला आवाज नसतो.

मग मी ठरवलं, उत्तर द्यायचंच नाही. मुदत जाऊ दे, पैसे जाऊ देत, दुकान खोटं ठरू दे. माझ्यासारख्या भांडकुदळ बाईने हरायचं ठरवलं, आणि खरं सांगते, मला त्याचं काही वाटलं नाही. लिहिलेलं पुसून टाकायला मात्र हात होईना. वाटलं, पाठवलं नाही म्हणजे झालं, पडलं तर काय बिघडतंय.

शेखरला मी यातलं काही सांगितलं नव्हतं. तू शपथ घातली होतीस ना, तू घर का सोडलंस ते कुणाला म्हणजे कुणालाच सांगायचं नाही. त्याला एवढंच माहीत होतं, की तुला तिकडे कंपनीत काम लागलं म्हणून तू राहायला गेलीस. आज दुपारी मी मालाची चौकशी करायला भोसरीच्या बाजारात गेले होते. परत आले तर शेखर खुशीत, चहा मांडून बसलेला. म्हणाला, “अगं, तुझं ते बँकेचं पत्र तसंच पडलं होतं, आज शेवटचा दिवस व्हता. तू इसरलीस म्हनून मीच दिलं पाठवून. आता बघ, पैसे कुठं जात न्हाईत.”

तुझी शपथ मी तिथेच मोडली. सगळं सांगितलं तेव्हा त्याने चहा बाजूला सारला. त्याने तुझ्या मैत्रीच्या हातावर कितीदा लिमलेटच्या गोळ्या ठेवल्यात, तुला माहीत आहे. तो उठला आणि पत्र मागे घेता येतं का म्हणून त्या प्रज्वलला फोन करत बसला. येत नाही. मग फोटो पुन्हा मोठा करून बघितला. तुमच्या मागे, दाराच्या वर, चाळीच्या मालकाच्या नावाची पाटी अक्षर न् अक्षर वाचता येते. बँकेने त्याला अजून दाखवलं असेल की उद्या दाखवेल, कुणी सांगत नाही. मी उद्यावर विसंबणार नाही. शेखरने भैरूला फोन केला, काही न विचारता तो म्हणाला, “व्हय, निगालो. ताईंना म्हनावं, मशीन बी घेऊन येतो, ते कशाला तिथं ठेवायचं.”

तर आता नीट ऐक. भैरू तुम्हाला एका बाईंकडे सोडेल, नवऱ्याचं घर सोडलेल्या तुझ्यासारख्या पोरींना त्यांनी आधीही ठेवून घेतलंय. तिथून त्या तुम्हाला पुढे कुठे नेतील ते भैरूला कळणार नाही आणि मलाही नाही. मी आणि शेखर दुकानाच्या फोनवर आपोआप झालेलं त्याच्या बोलण्याचं रेकॉर्डिंग घेऊन चौकीत जातोय, या वेळी खुर्ची मी घेणार आहे. आणि ज्यासाठी एवढं लिहिलं ते हे: तुझा नवा पत्ता मला कळवू नकोस. रविवारचा फोनही करू नकोस. तू रागावलीस म्हणून गप्प आहेस असं मला वाटेल, याची काळजी करू नकोस, आणि मी विसरले असं तू समजू नकोस. तुझा पत्ता सगळ्या जगात फक्त आम्हालाच ठाऊक होता, आणि तो माझ्याच शहाणपणाने त्याच्याकडे निघालाय. मला माहीतच नसेल तर मला गोड बोलून, घाबरवून, कायदा दाखवून, कुणाला तो काढता यायचा नाही. फक्त मशीन लागलं, दोरा एका फटक्यात सुईत गेला, आणि मैत्री चाकाशी येऊन उभी राहिली, की लाल पट्टीवर एक शिवण घाल आणि बाईंच्या हाती माझ्याकडे पाठव. चिठ्ठी नको, नाव नको. तुझी शिवण मी ओळखते, शेवटाला थोडी डावीकडे झुकते. तेवढी पोहोच मला पुरे. शटर वाजलं. नाही, भैरूच आहे, खिडकीतून बघितलं.

तुझीच, आता पत्ता न विचारणारी,
जया