वन्संना सांगितलेला शेवट

शुक्रवार, ७ मार्च

तद्दन भिकार पिक्चर! दोन तास नुसता अंधार. मारामारी अंधारात, प्रेम अंधारात, हिरो जेवतो तेही अंधारात. दिवे लावायला ह्यांच्या बापाचं काय जातं! वन्सं सारख्या कानाशी — "काय चाललंय? आता काय चाललंय?" शेवटी म्हटलं, "मलाच दिसत नाही, तुम्हाला काय सांगू, कपाळ!" त्या एवढ्या खदखदून हसल्या की पुढचा टकल्या वळून श्श करायला लागला. वन्संनी त्याला तिथल्या तिथे सुनावलं. "मी आंधळी आहे. ही मला पिक्चर सांगते. तुम्हाला दिसतंय ना? मग बघा की गुमान." बसला गप्प.

साखरेनं वन्संची नजर गेली तेव्हापासून आमचा शुक्रवार असाच. मी लाँड्रीतल्या कामावरून सुटले की घरी यायचं, त्यांना साडी नीट करून द्यायची आणि टॉकीज गाठायचं. बोलणं त्यांना ऐकू येतं. मधलं मी भरायचं — कोण आलं, कोण रडलं, कुणाच्या हातात सुरा आहे. हे म्हणतात, "माझी बहीण आणि माझी बायको, दोघी मिळून एक माणूस झालाय." जळतात मेले.

रविवार, ९ मार्च

आज भाजी निवडताना वन्सं एकदम म्हणाल्या, "जाऊन यावं का गं त्याच्याकडे?"

माझ्या हातातली सुरी थांबली. त्याच्याकडे म्हणजे मुलाकडे. लग्न झाल्यापासून त्याचं नाव ह्या घरात निघालेलं नाही. सून पसंत नव्हती. दोघं पाया पडायला आली तर वन्संनी दार लावून घेतलं. मी होते तिथे. त्यानं फोनचा नंबरही बदलला मग. आईची नजर गेली हे त्याला अजून ठाऊक नाही. कळवायचं नाही अशी शपथ घातली आहे आम्हाला. हट्टी बाई! पण राहतो कुठे ते ह्यांना कुणाकडून तरी कळलं आहे. बसनं अर्ध्या दिवसाची वाट.

म्हटलं, "जाऊ की. पुढच्या रविवारी जाऊ."

"तोंडावर दार आपटलं तर?"

"तर परत येऊ. तुम्ही नाही का आपटलं!"

रागावल्या नाहीत. हो म्हणाल्या.

शुक्रवार, १४ मार्च

आजचं पिक्चर चांगलं. चांगलं म्हणजे छळणारं. एक म्हातारी आणि तिचा रुसून गेलेला मुलगा. मारामारी नाही, नाच नाही. हिरॉईन रडते तेव्हा काजळ फिसकटतं, हे मी पहिल्यांदाच बघितलं. वन्सं सुरुवातीपासून माझं मनगट धरून बसल्या होत्या.

शेवटाला बोलणंच नाही. नुसती वाऱ्याची सळसळ. म्हातारी ओसरीवर बसलेली, मुलगा फाटकापाशी येतो. फाटकावर हात ठेवतो. ती त्याला बघते. तो तिला बघतो. आणि वळतो, चालायला लागतो. संपलं.

वन्सं विचारतायत, "आला का गं? आला का?" नखं रुतली माझ्या हातात.

मी म्हटलं, "आला. मिठी मारली तिला."

दिवे लागले. त्यांचं तोंड भिजलेलं. आणि असं हसू की गेल्या कित्येक वर्षांत बघितलं नाही. काय बिघडलं? पिक्चरच तर आहे.

शनिवार, १५ मार्च

बिघडलं.

"उद्याचं रद्द कर," म्हणाल्या. "कशाला जायचं? ती थांबली ना? आई थांबली की पोर येतंच. मी आपली थांबते."

म्हटलं, अहो, ते पिक्चर होतं. तर म्हणाल्या, "पिक्चर काय आभाळातून पडतं? माणसंच लिहितात."

तेव्हाच सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं मी. तेवढ्यात ह्यांनी चहा मागितला.

सोमवार, १७ मार्च

लाँड्रीत चादरींच्या घड्या घालताना आमची ती बडबडी सुरू झाली. ती माझ्या समोरच्या इस्त्रीवर असते, तोंडाला कुलूप नाही. "बाई गं, काय तो शेवट! फाटकातून परत गेला मेला! मी घरी जाऊन पण रडले." मग सांगितलं तिला, मी वन्संना काय सांगितलं ते. तिची इस्त्री तशीच राहिली, वाफ सुटली फसफसा. "तू स्वतःला समजतेस कोण? पिक्चर काढणारी?"

चादर जळाली असती. मी ओरडले तिच्यावर. राग तिचा नव्हता.

बुधवार, २ एप्रिल

वन्संनी पडदे धुवायला लावले. दाराशी खुर्ची मागितली. दुपारभर तिथेच.

शुक्रवार, ११ एप्रिल

पोलिसवाल्याचं पिक्चर. वाईट नाही, पण आवाज केवढा! कानठळ्या. वन्संचं लक्ष नव्हतं. इंटरव्हलला म्हणाल्या, "घरी चल. आपण इथे आणि तो दाराशी यायचा."

निम्मं पिक्चर टाकून उठले मी. आयुष्यात पहिल्यांदा.

शनिवार, १० मे

मेलं ते घरचं पिक्चर! पूर्वी टॉकीजमधून उतरलेलं पिक्चर परत दिसायला वर्ष लागायचं, लोक शेवट विसरून जायचे. आता दोन महिन्यांत टीव्हीवर. त्यात मजा तरी कसली? जरा रंगात आलं की कुणीतरी मुतायला उठतं, मग थांबवा. परत सुरू करा. परत कुकरची शिट्टी.

मी कामावरून आले तर वन्सं आणि हे टीव्हीसमोर. ह्यांचा चेहरा कसला खुललेला! "बघ, ताईसाठी काय शोधलं. टीव्हीच सांगतो सगळं. तुझी कटकट नको." आत एक पुरुष पडद्यावर काय चाललंय ते आंधळ्यांसाठी सांगत होता. बातम्या दिल्यासारखा. ती उठते. ती खिडकीशी जाते. ना जीव, ना काही.

मी ओळखलं कुठलं पिक्चर ते. शेवटच चालू होता. वायरच उपटणार होते. चपलाही काढल्या नाहीत, धावले. पोचेपर्यंत तो बोलून गेला. *मुलगा फाटकावरचा हात काढतो. मागे वळतो. आई पाहत राहते. तो दिसेनासा होतो.*

हे म्हणाले, "अरेच्चा! ताई, तू तर म्हणालीस तो येतो?"

वन्सं माझ्याकडे वळल्या. बरोब्बर माझ्याकडे. पावलांवरून कळतं त्यांना.

रविवार, ११ मे

बोलत नाहीत. जुनी पिक्चरं एकामागून एक लावतायत, त्या थंड माणसाच्या आवाजात. मला एकच वाक्य बोलल्या. "आजवर तुझ्या डोळ्यांनी बघितलं गं. आता सगळं परत बघावं लागणार."

मी स्वयंपाकघरात कान देऊन. कुठे कुठे काय घातलं होतं मी! जिथे डुलकी लागली तिथे घोडे घातले. एका व्हिलनला उगाच चकणा केला होता, ते आलं तेव्हा मला वाटलं हसतील. नाही हसल्या. कंटाळा आला की म्हणायचे, "काही नाही, नुसतं बघतायत एकमेकांकडे." आज कळलं, तिथे तो तिच्या पायातला काटा काढत होता. एवढं सांगायला काय झालं होतं मला? घाई. सदानकदा घाई.

पण ते चकणे आणि घोडे माफ होतील. फाटक नाही होणार.

बुधवार, १४ मे

आज आपण होऊन हाक मारली. "वहिनी, इकडे ये. बस." पिक्चर संपलं होतं. तेच.

"ती बाई बघत होती ना त्याला? डोळे होते ना तिला?"

"होते."

"मग हाक का नाही मारली?"

म्हटलं, माहीत नाही.

"त्याला वाटलं असेल, आईला मी नकोच आहे. एक हाक मारायची होती मेलीनं!" मग पदराचं टोक चोळायला लागल्या. "हे मला त्याच दिवशी सांगितलं असतंस तर मी रविवारी गेले असते गं."

"चुकलं माझं, वन्सं."

"चुकलंच. आता रडू नकोस, बसचं बघ. शनिवारी जाऊ."

शुक्रवार, १६ मे

टॉकीजला नवीन लागलंय. गेलो नाही. वन्संचे केस धुतले, नखं कापली. "सुनेला काय म्हणू? आधी तिची माफी मागू की आधी त्याची?" मी म्हटलं, तिची. "आणि तू मधे मधे बोलू नकोस," म्हणाल्या. "पण जे दिसेल ते सगळं सांग. गाळायचं नाही. घालायचं नाही."

शनिवार, १७ मे

खोली रिकामी. मालकीण म्हणाली, गेल्याच महिन्यात गेले, लांब कुठेतरी, परदेशात. पत्ता ठेवला नाही. मार्चमध्ये होते का विचारलं. होते की, म्हणाली, इथेच होते.

वन्सं दारात उभ्या. "काय दिसतंय, सांग."

सांगितलं. भिंतीला एक खिळा. फुटकी बादली. खिडकीखाली खडूच्या रेघोट्या — लाल, निळ्या. बऱ्याच.

"कुठे? किती उंच?"

मी त्यांचा हात धरून तिथे नेला. माझ्या गुडघ्याच्या जरासा वर.