कातिणीची गोष्ट आणि आत्याचे वय

साकोली, १७ मे १९७९

तीर्थस्वरूप सौ. रंभाबाई आत्या यांच्या पायी टिकारामचा माथा. तुमचा गुडघा आणि फुफाजींचा राग, दोन्ही उतरले असतील असे धरून लिहितो.

आत्या, माझ्या हातून घोळ झाला आहे. इथले केशवराव मास्तर आपल्याकडचे शब्द, त्यांचे अर्थ आणि मूळ एका जाड वहीत उतरवतात. मी रोज त्यांना शब्द नेऊन देतो. (कॉलेज सोडलेल्याला त्या घरात जायला दुसरे निमित्त नाही. चहा त्यांची मुलगी रुखमिणी आणते, एवढे लिहिले म्हणजे तुम्ही समजालच.) मंगळवारी शब्द निघाला कातीन. तिथे परसराम बसलेला. तो बी.ए. पास, आणि रुखमिणीसाठी त्याचे स्थळ आलेले. तो म्हणाला, पुस्तकात हिला कोळी म्हणतात, संस्कृतात ऊर्णनाभ, म्हणजे बेंबीत लोकर असलेला. आपली कातीन साधी, सूत कातते म्हणून कातीन. रुखमिणीने मान डोलावली. ती मान माझ्याने बघवली नाही. मी म्हटले, सारे खोटे. कातीन ही शहापूरची सून. सासूने चरखा कुलपात घातला, तर तिने पोटातून सूत काढले आणि आढ्याला जाऊन बसली. माझ्या आत्याने सांगितलेली गोष्ट आहे.

मास्तरांनी लगेच वही उघडून सांगणारीचे वय विचारले. म्हातारीच्या शब्दाला वजन, म्हणून मी सत्तर सांगितले. (तुम्हांला अठ्ठेचाळिसावे चालू आहे, मला ठाऊक आहे.) मास्तर म्हणाले, "रविवारी शहापूरले जाऊन तिच्याच तोंडून आयकतो. खरी निघाली तं तुह्या बापाशी बोलतो. खोटी निघाली तं या घराची पायरी चढू नोको."

आत्या, गोष्ट पाठ करा: चरखा, कुलूप, आढे, याच क्रमाने. केसांना थोडे पीठ लावा. दात दिसतील असे हसू नका. फुफाजींना सकाळीच धानाच्या बांधीवर पाठवा, ते विचारल्याबरोबर खरे सांगतात.

तुमचा,
टिकाराम

ता. क. लिहून घ्यायला रुखमिणीही येणार आहे. तिला जेवल्याशिवाय सोडू नका, आणि माझ्याबद्दल दोन शब्द बरे बोला. खरे तर पत्र याचसाठी.

ता. क. पत्र टाकायला निघालो तर पोस्टासमोर रुखमिणी भेटली. हसू दाबत म्हणाली, "आई बी येऊन रायली. ते अन् तुमची आत्या चवथीत एकाच वर्गात होत्या म्हणे. बाबाले अजून सांगतलं नाही तिनं." आत्या, तिच्या आई मंदाबाई सत्तर वर्षांच्या व्हायला तयार होतील असे वाटत नाही. पण तुमची मैत्रीण आहे, एकदा विचारून तर पाहा.